चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला: गिनीपिगचे दात, हार्मोन आणि आपले अनुभव

नमस्कार मंडळी,

कुत्रं-मांजर आजारी पडलं तर विचारायला सोसायटीत दहा जण सापडतात. गिनीपिग आजारी पडला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "अगं, दुसरा आण ना, कितीला मिळतो?" आमच्या बटरच्या दातांपायी गेलं दीड वर्ष हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी उत्तर देत नाही. पण मला जे कळायला उशीर झाला ते दुसऱ्या कुणाला वेळेत कळावं, म्हणून हा धागा. दातांचं दुखणं, माद्यांच्या अंडाशयातल्या गाठी, थायरॉइड, ज्याने त्याने आपापलं लिहा. औषधांचे डोस मात्र लिहू नका. प्रत्येकाच्या पिलाचं वजन वेगळं असतं.

सुरुवात माझ्यापासून.

बटर चार वर्षांचा. गोरेगावच्या आमच्या वन बीएचकेत हॉलच्या खिडकीखाली त्याचा पिंजरा. फ्रिजचं दार वाजलं की कुईक कुईक करून घर डोक्यावर घेणारा. मागच्या पावसाळ्यात तो तसाच ओरडायचा, धावत यायचा, काकडी तोंडात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. मला वाटलं, काकडी कडू निघाली. दुसरी कापली, तेच. कोथिंबीर खात होता म्हणून मी निर्धास्त. गवत ओढायचा, थोडं चघळायचा, सोडून द्यायचा. पावसात गवत सर्दावतं, वास येत असेल, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. हनुवटी ओली दिसली तेव्हा म्हटलं, पाणी पिऊन आला असेल. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे सबब तयार होती.

मग एक दिवस उचलला तर हाताला हलका लागला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ७४० ग्रॅम. त्याचं वजन ९८० असायचं.

पहिल्या डॉक्टरांनी समोरचे दात पाहिले, लांब वाढलेत म्हणाले आणि कापून दिले. फरक शून्य. उलट आता त्याला गवत धरताही येईना. मग लहान प्राणी आणि पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गिनीपिगला २० दात, सुळे नाहीतच, आणि विसाच्या वीस दात मरेपर्यंत वाढत राहतात. तासन् तास गवत चघळण्यात दाढा एकमेकींवर घासून झिजतात. ती झीज कमी पडली की खालच्या दाढा आत, जिभेकडे झुकतात. बटरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांनी जिभेवर कमानच धरली होती. घास मागे न्यायला जीभ हलतच नव्हती. मागे दाढा बिघडल्या म्हणून समोरचे दात लांबले होते, आणि आम्ही कापून आलो ते समोरचे! हे जागेपणी बॅटरी मारून धड दिसत नाही, तोंड इतकं अरुंद आणि गाल आत आलेले असतात. गॅसची भूल, कवटीचा एक्स-रे, मग दाढा घासणं.

घरी आणला की खायला लागेल असं वाटलं होतं. कसचं काय! जबड्याचे स्नायू ढिले पडलेले, तोंड दुखरं. अकरा दिवस सिरिंजने भरवलं. तीन-साडेतीन तासांनी एकदा, रात्री दोनचा गजर लावून. पंच्यात घट्ट गुंडाळायचं, सिरिंज समोरून न घालता तोंडाच्या कडेने दातांमागच्या फटीत सरकवायची, थेंबभर सोडायचं, तो चघळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो. पहिले दोन दिवस निम्मं माझ्या गाऊनवर. सासूबाई म्हणाल्या, तांदळाची पेज दे, अंगात ताकद येईल. डॉक्टर म्हणाले, पेज अजिबात नको, याच्या पोटाला पिष्ट झेपत नाही, तंतू लागतात. क्रिटिकल केअर नावाची गवताची पूड मिळते ती कोमट पाण्यात कालवायची. ती संपली त्या रात्री त्याचेच पेलेट, म्हणजे रोजच्या खाद्याच्या गोळ्या, भिजवून, मिक्सरमधून काढून भरवले.

सासूबाईंनी नंतर रात्री दोनची पाळी स्वतःकडे घेतली. त्याला 'उंदीर' म्हणणं मात्र सोडलं नाही.

आता दर सहा-सात आठवड्यांनी दाढा घासून घ्याव्या लागतात. एकदा वाकडी वाढायला लागलेली दाढ सहसा सरळ होत नाही. हे पचवायलाच मला दोन महिने लागले.

मुलुंडकर:

तुमचा बटर, आमची खारी! बेकरीच टाकू.

खारी साडेतीन वर्षांची, जोडीला तिची बहीण जिरा. खारीचे दोन्ही कुशींवरचे केस जायला लागले, अगदी समोरासमोर, आरशात पाहिल्यासारखे. आम्हाला वाटलं खरूज. आधी एकदा माइट्स (कातडीतले बारीक किडे) झाले होते तेव्हा ती खाजवून खाजवून वेडी व्हायची, कातडी सोलवटली होती. या वेळी खाज अजिबात नाही, कातडी स्वच्छ, नुसतं टक्कल. तेवढ्यात तिचा स्वभाव फिरला. गुरगुरत, कंबर हलवत जिराच्या मागे लागायची, अंगावर चढायची. आमचे हे म्हणाले, "ही नर आहे की काय?" मग दिसलं की स्तनाग्रांवर खपली धरलीय. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, पण पाठीचा कणा हाताला लागत होता. म्हणजे पोटात काहीतरी वाढत होतं आणि बाई वाळत चालली होती.

सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत पाण्याच्या गाठी निघाल्या, एक मोठ्या लिंबाएवढी. डॉक्टर म्हणाले, वय झालेल्या माद्यांमध्ये हे फार सर्रास सापडतं. गाठी दोन तऱ्हेच्या. काही हार्मोन सोडतात, त्यांनी केस जातात, स्वभाव बदलतो. काही नुसत्याच पाण्याने भरतात, जागा अडवतात, त्यांच्यावर हार्मोनच्या इंजेक्शनचा काही उपयोग नाही. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. सुईने पाणी काढलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पुन्हा भरतं.

आम्ही ऑपरेशनला घाबरलो आणि आधी एचसीजीची इंजेक्शनं घेतली. तेच ते, बायकांच्या गरोदरपणात वाढणारं हार्मोन. चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे गेलो. चिठ्ठीवर नाव खारी, वय ३.५. केमिस्टने चष्म्यातून माझ्याकडे असं पाहिलं की मला पिशवीतून फोन काढून तिचा फोटो दाखवावा लागला. केस थोडे आले. पोटातली मोठी गाठ जागच्या जागी.

शेवटी अंडाशय आणि गर्भाशय काढलं. आदल्या रात्री दवाखान्यातून फोन, "रात्री बारानंतर काही खायला देऊ नका." मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं म्हणून बरं. गिनीपिगला उलटी होतच नाही, त्यामुळे तसा उपास लागत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात, ते भुलीपेक्षा महाग पडतं. तो नियम कुत्र्या-मांजरांचा. फोन करणाऱ्या मुलाने सवयीने सांगितलेलं. खारी डबा भरून गवत आणि जिरा बहिणीला घेऊन गेली. शुद्धीवर आल्यावर चार तासांनी पहिली लेंडी टाकली. आमच्या घरात बारशाला झाला नसेल एवढा आनंद त्या लेंडीचा झाला.

दहा आठवड्यांत कुशी भरल्या. जिराच्या मागे लागणंही बंद. फक्त आता जिरा तिला भाव देत नाही.

जुना परळकर:

मी ३१ वर्षं परळच्या एका प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात नोकरी केली. घरात पाळायची नव्हे, पण गिनीपिग आम्ही शेकड्यांनी सांभाळले. सकाळी काही होवो, संप असो की मुंबई बुडो, लसूणघास (जनावरांना घालतात तो हिरवा चारा) आणि कोबीचा पाला पडलाच पाहिजे असा साहेबांचा दंडक. का, ते त्यांनी एकदा सांगितलं. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिख या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं. शोधायला गेले होते बेरीबेरी, हाती लागला स्कर्व्ही. उंदराला हा रोग होत नाही, तो क जीवनसत्त्व अंगात बनवतो. गिनीपिगला आपल्यासारखंच ते बाहेरून लागतं. ते कमी पडलं की हिरड्या आणि दाताला धरून ठेवणारे तंतू कच्चे पडतात, दात हलतात, सांधे दुखतात. तेव्हा दाढा घासून घेताय ते ठीक, पण पाल्याचंही बघा.

हा प्राणी मूळचा अँडीजचा, पेरू देशातला. तिथे तो खाण्यासाठी पाळतात. आणि इथे त्याला पेरू आवडतो. देशाच्या आठवणीने खातो असं आम्ही म्हणायचो.

मुलुंडकर:

काका, मस्त! पण एक सांगते. लसूणघासात कॅल्शियम फार, त्यामुळे पिलांना आणि गाभण माद्यांनाच चालते. मोठ्यांना रोज दिली तर मूतखड्याची भीती. पेरूही फोडभरच, साखर असते. आमच्याकडे क जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरचीचा तुकडा रोज. पाण्याच्या बाटलीत थेंब घालू नका कुणी. पाण्यात ते टिकत नाही आणि चव बदलली की ही पोरं पाणीच कमी पितात. पेलेटची पिशवी उघडून तीन महिने झाले असतील तर त्यातल्या क जीवनसत्त्वावर भरवसा नाही.

जुना परळकर:

मान्य. आमच्याकडचे म्हातारे होईपर्यंत जगत नसत, त्यामुळे मूतखडे पाहिले नाहीत.

नाव नको:

थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही. चिंगीच्या जबड्याखाली गळू झालं, दाढेच्या मुळाचं. घराजवळच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनचं सायरप दिलं, लहान मुलांना देतात तेच. ते कुत्र्यांचे चांगले डॉक्टर आहेत, माझा त्यांच्यावर आजही राग नाही. तिसऱ्या दिवशी जुलाब, चौथ्या दिवशी ती गेली. नंतर कळलं की पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि घातक जंतूंचं विष पसरतं. यांच्यासाठी वेगळी अँटिबायोटिक्स असतात. चिठ्ठी हातात आली की "हे पेनिसिलिनपैकी आहे का?" एवढं विचारा. मला कुणी सांगितलं असतं तर मी विचारलं असतं.

चेंबूरची:

वाचून घशात आवंढा आला.

आमच्या भोपळ्याची तऱ्हा बटरच्या उलटी. पाच वर्षांचा, दिवसभर खायचा. गवत संपवून पिंजऱ्याच्या सळ्या चावायचा, शेजारच्या काकू म्हणायच्या "बकासुर आहे." आणि वजन दर आठवड्याला १५-२० ग्रॅमने खाली. लेंड्या मऊ, छाती धडधडणारी. मी दात, दात म्हणत डॉक्टरांकडे नेला, दाढा एकदम उत्तम! डॉक्टरांनी गळ्यावरून बोट फिरवलं आणि थांबले. छोटी गाठ होती. रक्तात थायरॉइडचं टी-४ हे हार्मोन वाढलेलं. मेथिमाझोलच्या गोळीची पूड पाण्यात कालवून सिरिंजने, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. माझ्या आईला थायरॉइड कमी असल्याची गोळी, याला जास्त असल्याची. डब्यांवर नावं घातलीत, कारण एकदा अदलाबदल होता होता राहिली.

गिरगावहून:

खर्चाचं कुणीच बोलत नाही, मी बोलते. दोन 'नर' म्हणून आणले, दोन महिन्यांनी तीन पिलं. मग नराचं ऑपरेशन, मग मादीच्या गाठींसाठी सोनोग्राफी. घरात नवीन फ्रिज घ्यायचा होता तो राहिला. नवरा म्हणतो, चार आण्याची कोंबडी. मी म्हणते, कोंबडी घरात आणली कुणी? पुढे तो गप्प.

प्रश्न असा आहे की डॉक्टर बोरिवलीला, टॅक्सी परवडत नाही, लोकलने नेता येईल का? आणि आमच्याकडे टिमोथी नावाचं वाळकं गवत नेहमी मिळत नाही, दादरच्या फुलबाजारातून दूर्वा आणल्या तर?

बटरची आई:

लोकलने मी नेलाय, पण दुपारी, उलट्या दिशेच्या गाडीने. सकाळच्या गर्दीत नको. हवा खेळेल असा डबा, वरून पातळ ओढणी, आत गवत आणि काकडी. उन्हाळ्यात गार पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी, कारण यांना २७-२८ अंशांच्या वर त्रास सुरू होतो आणि मे महिन्यातली मुंबई तुम्हाला माहीत आहे. मालाडला एका मावशींनी डब्यात डोकावून "ससा का?" विचारलं. मी हो म्हटलं. वाद घालण्याएवढा वेळ कांदिवलीपर्यंत नसतो.

दूर्वा चालतात, बटरला आवडतात. स्वच्छ धुऊन, पूर्ण निथळून. गणपतीत बाप्पाच्या एकवीस जुड्या आणि याची बावीसावी. पण ओल्या दूर्वांवर पोट भरतं तसं वाळक्या गवतावर जबडा चालतो, म्हणून टिमोथी मिळेल तेव्हा जास्तीचं घेऊन ठेवा. पावसाळ्यात हवाबंद डब्यात, आत सिलिकाच्या पुड्या. बुरशीचा जराही वास आला तर फेकून द्या, महाग असलं तरी.

काटा कुठला घ्यावा असं दोघांनी विचारलंय. साधा, स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमचा. वर प्लास्टिकचा टोप, त्यात बटर. दर रविवारी चहाच्या आधी. फ्रिजच्या दारावर कॅलेंडर आहे, त्यावर सासूबाई दूध आणि पेपरच्या खाड्यांच्या शेजारी त्याचं वजन लिहितात. या रविवारी ९१५ होतं. मागच्या रविवारी ९३०. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय.