डोळे आल्यावर चिनी जडीबुटी: काही पुरावा आहे का?

मृणाल_सिं
नमस्कार मंडळी. आम्ही सिंगापुरात असतो. परवापासून लेकीचे (वय 7) डोळे आलेत. लालभडक, सकाळी पापण्या चिकटलेल्या. शेजारच्या चिनी आजींनी मायेने शेवंतीच्या वाळलेल्या फुलांचा चहा आणून दिला. शिवाय हुआंगलियान नावाची पिवळीजर्द मुळं दिलीत, ती उकळून त्या पाण्याने डोळे धुवायचे म्हणे. घरात दीड महिन्याचं बाळही आहे. यामागे खरंच काही संशोधन आहे का? आजींना दुखवायचं नाही, पण डोळ्याशी खेळही नको.

गौरी_आळंदीकर
2023 च्या साथीत आमच्या घरात सगळ्यांचे डोळे आले होते. टॉवेल-उशा वेगळ्या केल्या, सारखे हात धुतले, आठवड्याभरात उतरले. कसलाही काढा केला नव्हता.

सुहास_नेत्रतज्ज्ञ
गौरीताईंनी लिहिलंय तेच या प्रश्नाचं मर्म आहे. साथीत डोळे येतात ते बहुतेक विषाणूमुळे आणि आपोआप बरे होतात. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही दिलं त्याला गुण आला असं वाटतं. औषध न दिलेल्यांशी तुलना केल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही, आणि शेवंतीच्या चहाने संसर्ग बरा होतो हे असं कुणी पक्कं दाखवलेलं नाही. प्यायला हरकत नाही.

हुआंगलियानचं वेगळं आहे. त्यात बर्बेरीन नावाचं पिवळं द्रव्य असतं आणि ते प्रयोगशाळेत जंतू मारतं. 1982 मध्ये भारतात खुपऱ्यांच्या (ट्रॅकोमा) रुग्णांवर बर्बेरीनचे 0.2 टक्क्यांचे थेंब आणि सल्फासिटामाइड हे जंतुनाशक (सल्फा) यांची तुलना झाली. लक्षणं सल्फाने थोडी जास्त कमी झाली, पण जंतू बर्बेरीनच्या गटातून गेले आणि वर्षभर दुखणं पुन्हा उलटलं नाही. अभ्यास चांगला, पण छोटा. शिवाय खुपऱ्या क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूने होतात, साथीचे डोळे त्याने येत नाहीत. आणि ते मोजून-मापून केलेले निर्जंतुक थेंब होते, घरी उकळलेलं पाणी नव्हे.

माझी खरी भीती तीच आहे. 2023 मध्ये अमेरिकेत कारखान्यात बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांतून स्यूडोमोनास हा जिवाणू पसरला, 81 जणांना लागण झाली, काहींची दृष्टी गेली, चौघे दगावले. कारखान्यात हे होतं, तर पातेल्यातल्या काढ्याची खात्री कोण देणार? डोळ्यात तो घालू नका.

निलेश_वैद्य
सहमत. आपल्या दारुहळदीतही बर्बेरीनच असतं, डोळ्यांसाठीचं रसांजन दारुहळदीच्याच काढ्याचं. तेही घरी बनवून डोळ्यात घालू नये. मृणालताई, बाळाला हुआंगलियान अजिबात देऊ नका, अंगावर पाजत असाल तर तुम्हीही घेऊ नका. जी6पीडी (तांबड्या रक्तपेशींना जपणारं विकर) कमी असलेल्या नवजात बाळांना त्याने कावीळ वाढू शकते. सिंगापुरात 1978 पासून कित्येक वर्षं त्यावर बंदी होती ती याचसाठी.

मृणाल_सिं
बाप रे, हे माहीत नव्हतं. मुळं बाजूला ठेवलीत. मग पापण्या कशाने पुसू?

सुहास_नेत्रतज्ज्ञ
उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ कापूस, प्रत्येक डोळ्याला वेगळा, आतून बाहेर. दुखणं, उजेड सहन न होणं, अंधूक दिसणं यातलं काही असेल, किंवा बाळाचा डोळा चिकटला, तर त्याच दिवशी डॉक्टर. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणू नका. आणि आजींना सांगा, चहा आवडला.