चर्चा: मुलांच्या वर्गात हिब्रू हवीच, पण मराठी कीर्तन आणि मलिद्याची गाणी का नकोत?

ठाणेकरीण

आमच्या बेने इस्राएल समाजातल्या मुलांचे रविवारी वर्ग भरतात. प्रार्थनेपुरती हिब्रू वाचायला शिकवतात, थोडी बोलायचीही. सणांची माहिती असते. पुरीमला मुलं एस्तेर राणी आणि मर्दखाय होऊन येतात, हनुक्काला दिवे लावतात. सगळं छान चाललंय, शिकवणारे मनापासून शिकवतात. परवा पालकांच्या बैठकीत मी एवढंच सुचवलं की यात आपली मराठी कीर्तनं आणि मलिद्याची, म्हणजे एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने करतो त्या विधीची, गाणीही शिकवावीत. त्यावर मला विचारण्यात आलं, "ती मुलांना पुढे कुठे उपयोगी पडणार?"

हा प्रश्न मनातून जात नाही, म्हणून इथे मांडते.

ज्यांना आमच्याविषयी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, ही आमची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावं गावांवरून आली.

१८८० च्या सुमारास मुंबईत आमच्या लोकांनी मराठी कीर्तन सुरू केलं. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या, ओवी, सगळं हरिकीर्तनाच्या वळणाचं आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. माझ्या आजीला तोरा, म्हणजे आमचा हिब्रू धर्मग्रंथ, वाचता येत नव्हती. पण योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तिथपासून तो मिसर देशात त्यांना ओळख देतो तिथपर्यंतची सगळी गोष्ट तिला पदांसकट पाठ होती. तिचं धर्मशिक्षण ते हेच. त्याला "मनोरंजन" म्हणून बाजूला काढणं मला मान्य नाही.

आज ही गाणी मुख्यतः म्हाताऱ्या बायकांच्या वह्यांत उरली आहेत. वहीत शब्द सगळे असतात, वर लिहिलेलं असतं "चाल: अमुक पदाची". ते अमुक पद एखाद्या जुन्या नाटकातलं, आणि आता ते नाटकातलं पदच कुणाला येत नाही. म्हणजे वही जपून ठेवली तरी गाणं गेलंच. २०११ च्या जनगणनेत भारतभर मिळून ४,६५० ज्यू मोजले गेले. १९५१ ला हा आकडा २६ हजारांच्या वर होता. ज्यांना चाली येतात त्या बायका यातल्या किती, याचा विचार करा.

रोहेकर_पेणवाले

ताई, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे आणि कारण सांगतो.

आमच्याकडे कोकणातल्या मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीद म्हणतो) सणाच्या दिवशीसुद्धा दहा पुरुष जमवताना नाकी नऊ येतात. दहा झाल्याशिवाय मिन्यान नाही, मिन्यान नाही तर तोरा बाहेर काढून वाचता येत नाही. आणि दहा जमले तरी त्यांतल्या कितींना तोरा सुरात वाचता येते? चर्मपत्रावरच्या मजकुरात स्वरचिन्हं नसतात, ती आधी पाठ करावी लागतात. त्याला वर्षं लागतात. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गात मुलगा तेरा वर्षांचा होईपर्यंत एवढं जमलं तरी खूप झालं. त्यातला वेळ कीर्तनाला दिला तर पुढच्या पिढीत प्रार्थना चालवणारा हजान कोण होणार?

आपल्या पूर्वजांना हिब्रू फुकट मिळाली नाही. एके काळी फक्त शमा, आपली मुख्य प्रार्थना, म्हणता येत होता, बाकी सगळं विसरलं होतं. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, मिशनरी शाळांतून हिब्रू शिकलो. मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं १८३२ ला. मिशनऱ्याकडून शिकायची वेळ आली तरी शिकले, आणि धर्म सोडला नाही. एवढ्या कष्टाने मिळवलेलं पहिल्यांदा सांभाळायचं. हिब्रू येत नव्हती म्हणून कीर्तन करावं लागलं. आता येते.

ठाणेकरीण

रोहेकरदादा, मिन्यानचं दुखणं खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण "हिब्रू येत नव्हती म्हणून कीर्तन" हे इतिहासाला धरून नाही.

हाइम सॅम्युएल किहीमकरांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली १८७५ ला, म्हणजे कीर्तनाच्या आधी. पुढे तीच माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. तिथे मुलं हिब्रू शिकत होती आणि बाकीचे विषय मराठीतून. जोसेफ एझेकिएल राजपूरकर तर हिब्रूचे पंडित, आयुष्यभर हिब्रू शिकवली. त्यांनीच प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. पेसाह सणाला वाचायचा हग्गादा पुण्यात १८७४ ला छापला गेला, एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याच पेहरावातल्या. ज्यांना हिब्रू उत्तम येत होती त्यांनीच मराठीत काम केलं. त्यांना एकासाठी दुसरं सोडावं लागलं नाही, मग आपल्यालाच का?

नव्या_दमाचा_पुणेकर

मी बावीस वर्षांचा आहे, याच वर्गांतून शिकलो. माझं मत बहुतेकांना आवडणार नाही.

मराठी मला घरी मिळते, रिक्षात मिळते, कॉलेजच्या कट्ट्यावर मिळते. ज्यू म्हणून जे काही आहे ते मला फक्त त्या वर्गात मिळालं. माझ्या शाळेत मी एकटा ज्यू होतो. "ज्यू म्हणजे पारशी का?", "ख्रिश्चनांतला प्रकार का?" हे शिक्षकांनीही विचारलंय. वर्गात आल्यावर पहिल्यांदा माझ्यासारखी दहा-बारा मुलं एकत्र बघितली. शिबिरात आम्ही हिब्रू गाणी म्हणायचो. तीच गाणी जगात कुठल्याही ज्यू मुलाला येतात, त्यामुळे परदेशातून कुणी आलं की पाच मिनिटांत ओळख होते. हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि आत्ताची मुलं इंग्रजी माध्यमातली. ज्या मराठीत ती पदं आहेत ती त्यांना कळणारच नाही. "तव", "मज", "वदे" याचा अर्थ सांगण्यातच तास संपेल. मोठ्यांना आजीची आठवण येते म्हणून मुलांनी साकी-दिंडी पाठ करायची, हे मला पटत नाही.

अश्दोदहून

शालोम मंडळी. आम्ही कुटुंबासह इस्राएलला येऊन इथेच म्हातारे झालो, म्हणून दोन शब्द.

मुलांना इस्राएलला जायचंय म्हणून बोलायची हिब्रू शिकवत असाल तर त्याची एवढी घाई नको. इथे आल्यावर उल्पानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या हिब्रू वर्गात, काही महिन्यांत बोलायला शिकवतात, रस्त्यावर आणि सैन्यात उरलेली येते. माझ्या मुलांची हिब्रू माझ्यापेक्षा चांगली आहे. नातवंडांना मराठी येत नाही. आणि तीच नातवंडं आता विचारतात, सबा (आजोबा), मलिद्याला काय म्हणतात ते शिकव ना. दिमोना, लोद, रामला, अश्दोद, सगळीकडे आपली माणसं आहेत. "मायबोली" नावाचं मराठी त्रैमासिक इथून निघालं. हिब्रू इथे नळाच्या पाण्यासारखी आहे, मराठी चाल मात्र भारतातूनच यावी लागते. तुम्हीच शिकवणं बंद केलंत तर आम्ही कुणाकडे मागायची?

आणखी एक. साठच्या दशकात इथल्या धर्मगुरूंनी आमच्या लग्नांवर शंका घेतली होती. तुम्ही पूर्ण ज्यू आहात का, असं आम्हाला विचारलं गेलं. जेरुसलेमला आमच्या लोकांनी धरणं धरलं, तेव्हा १९६४ ला सरकारने आणि संसदेने आम्हाला सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू म्हणून मानलं. त्या काळात आमच्यातल्या कितीतरी घरांनी मलिदा दार लावून केला, की लोक हसतील. आज तोच मलिदा इथे सभागृहात, शेकडो लोकांत होतो. तिथे मुंबई-पुण्यात बसून तुम्ही त्याला "उपयोग काय" विचारता, याचं मला वाईट वाटतं.

नव्या_दमाचा_पुणेकर

आजोबा, मलिदा नको असं मी म्हणालोच नाही. मलिदा घरात होतो, व्हायलाच हवा. माझा मुद्दा वर्गातल्या वेळाचा आहे.

कोथरूड_ग्रंथप्रेमी

मी ज्यू नाही. लष्कर भागातल्या लाल देवळावरून लहानपणापासून जातो. ते ज्यूंचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहे आणि डेव्हिड ससून यांनी बांधलं, हे फार उशिरा कळलं. अब्राहामाचं आख्यान साकी-दिंडीत आहे हे तर आज इथेच वाचलं आणि थक्क झालो. हा केवळ तुमच्या समाजाचा ठेवा नाही, मराठी कीर्तनाचाही आहे. आमच्याकडे कीर्तन शिकणारी मुलं आहेत, जुन्या नाट्यपदांच्या चाली जाणणारे पेटीवाले आहेत. वह्यांत लिहिलेल्या चाली त्यांच्याकडून नक्की सापडतील. हे वर्ग आणि कार्यक्रम सगळ्यांना खुले का करत नाही?

मशीद_बंदर

कोथरूडकर, भावना चांगली आहे, पण खुलं करणं इतकं सोपं नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तिथले राबाय (धर्मगुरू), त्यांची गरोदर पत्नी आणि त्यांचे पाहुणे मारले गेले. तेव्हापासून आमच्या दारात पोलीस असतात, बॅगा तपासतात, ओळखपत्र मागतात. शेजाऱ्यांवर अविश्वास म्हणून नाही. भारतात आम्हाला शेजाऱ्यांनी कधी त्रास दिला नाही, हे आमची म्हातारी माणसं अभिमानाने सांगतात. पण मुलांच्या वर्गाची वेळ आणि जागा जाहीर करून सगळ्यांना बोलावणं, हे कुठलाही पालक मान्य करणार नाही. मीही नाही.

दुसरं, पाहुणे येतात ते बहुतेक शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि मोबाइल काढून फोटो घेतात. त्या दिवशी ते चालत नाही. सांगितलं की ओशाळतात बिचारे, पण प्रार्थनेत खंड पडतो तो पडतोच. व्याख्यान ठेवा, कीर्तनाचा कार्यक्रम बाहेरच्या सभागृहात ठेवा, मी स्वतः खुर्च्या लावायला येईन. मुलांचा वर्ग मात्र मुलांचाच राहू द्या.

मलिदा तर रंगमंचावर अजिबात नको. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, तू बिश्वात या झाडांच्या सणाला आपण तो करतो. पोहे भिजवून खोबरं, साखर, वेलची घालतो, फळं ठेवतो, प्रत्येक फळावर त्याची त्याची बराखा (आशीर्वचन) म्हणतो. एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन मागणं मागतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, तिथे लोक कुठून कुठून येतात ते श्रद्धेने. तो तिकीट लावून दाखवायचा प्रकार नाही.

अश्दोदहून

मशीद बंदरचं मलिद्याबाबतचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. इथे सभागृहात करतो तेव्हाही तो धर्मविधीच असतो, बघे बसवत नाही.

ठाणेकरीण

मलिदा रंगमंचावर नेण्याचं मीही म्हणत नाही. मुलांना तो करता यावा, एवढंच. आज किती घरांत पाच-पंचवीस वर्षांच्या कुणालाही तबक कसं मांडायचं, कुठल्या फळावर कुठली बराखा, हे न विचारता येतं? आणि बराखा हिब्रूच आहेत की दादा. म्हणजे तुमचा हिब्रूचा तास वाया जात नाही, उलट मुलाला ती बराखा कधी म्हणायची हे कळतं.

पुणेकर, तुझ्या मुद्द्याने मला विचार करायला लावलं, कारण शाळेत एकटं असण्याचं दुःख माझ्याही मुलीचं आहे. पण रिक्षात आणि कट्ट्यावर मराठी मिळते, मोशेचं कीर्तन मिळत नाही. तेही फक्त आपल्याच वर्गात मिळू शकतं. जगभरच्या ज्यू मुलांना येणारी गाणी तुला यावीतच. मग त्या मुलांनी विचारलं, तुमच्याकडचं एखादं ऐकव, तेव्हा तू काय म्हणशील? मराठी अवघड आहे म्हणतोस तर एस्तेरचं एकच छोटं आख्यान घेऊ, पुरीमला गोष्ट करतोच. मध्ये गद्य मुलं आपल्या भाषेत सांगतील, पदं चार-पाच.

नव्या_दमाचा_पुणेकर

एस्तेरचं चालेल. अटी दोन. चाल मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या, मुलं ऐकून शिकतील, वहीवरून नाही. आणि सक्ती नको. ज्याला गायचंय तो गाईल, ज्याला पेटी किंवा टाळ हवेत तो ते घेईल. आठवीच्या पुढच्या मुलांवर आणखी पाठांतर लादलं तर ती वर्गालाच येणं बंद करतील, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रोहेकर_पेणवाले

तुम्ही सगळे ठरवूनच बसलात असं दिसतंय. माझं मत बदललेलं नाही. बराखांचा मुद्दा मान्य, मलिद्याची मांडणी शिकवा, ती धर्मात बसते. पण कीर्तनाला हिब्रूच्या तासातून एक मिनिट काढू देणार नाही, बैठकीत विरोधातच हात वर करीन. या वर्षी आमच्याकडे तोरा वाचायला मुंबईहून माणूस बोलवावा लागला, त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च आम्ही वर्गणी काढून दिला. तुमच्या ठाण्याला ही वेळ आली नाही म्हणून तुम्हाला कीर्तन सुचतं.

ठाणेकरीण

दादा, तुमचा विरोध बैठकीत जरूर नोंदवा, मी तुमच्याच शब्दांत मांडेन. हिब्रूचा तास तसाच राहील. त्यानंतर मुलं डबा खायला अर्धा तास थांबतात, तो मी मागणार आहे. रेकॉर्डिंग नोव्हेंबरपासून सुरू करतेय, पहिल्यांदा ठाण्यातल्या आणि भायखळ्यातल्या बायकांची. पेण-अलिबागकडे कुणाच्या घरी अशी वही असेल, किंवा म्हणणारी कुणी मावशी असेल, तर मला निरोप करा. शाब्बाथ सोडून कुठल्याही दिवशी येईन.

कोथरूडकर, तुमच्या पेटीवाल्यांना विचारून ठेवा.