प्रतिसाद: ड कमी, तरी कॅल्सिट्रायॉल नॉर्मल कसं?
रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्व कमी, पण त्याचं सक्रिय रूप कॅल्सिट्रायॉल नॉर्मल किंवा चक्क जास्त, हे कसं, असं वर विचारलंय. लॅबची चूक असेलच असं नाही. यकृतातून येणाऱ्या २५-हायड्रॉक्सी रूपाला सक्रिय करणारं एन्झाइम मूत्रपिंडात सीवायपी२७बी१ या जनुकावरून बनतं. ड कमी पडून कॅल्शियम जरा घसरलं, की पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच, वाढतं आणि हे जनुक जोरात चालू होतं. शिवाय कॅल्सिट्रायॉल मोडीत काढणाऱ्या सीवायपी२४ए१ या जनुकाला तेच हॉर्मोन मूत्रपिंडात दाबून ठेवतं. कच्चा माल कमी, तरी उत्पादन टिकून! म्हणून साठा बघायचा तर २५-हायड्रॉक्सीच तपासावं.

हाडांतून येणारं एफजीएफ२३ हे हॉर्मोन नेमकं उलटं करतं: पहिलं जनुक मंद, दुसरं तेज. किडनीच्या जुनाट आजारात ते बरंच आधी वाढतं.

सारकॉइडोसिस, म्हणजे फुप्फुसांसारख्या अवयवांत दाहक पेशींच्या गाठी होणारा आजार, त्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी हेच एन्झाइम बनवतात, पण पीटीएचला जुमानत नाहीत; त्यांना चेतवतो इंटरफेरॉन गॅमा हा रोगप्रतिकारक यंत्रणेचा संदेशवाहक. कॅल्शियम वाढून पीटीएच तळाला गेलं तरी कॅल्सिट्रायॉल बनतच राहतं. अशा रुग्णाला केवळ ‘ड कमी आलंय’ म्हणून गोळ्या सुरू करणं मला तरी धोक्याचं वाटतं.