बिल्बो घरकोंबडा होता, मग त्याला घरातून उपटायचा हक्क गॅन्डाल्फला कोणी दिला?

उंबरठ्यावरची:
भाच्याला वाचून दाखवायला म्हणून टोल्किनचं 'द हॉबिट' परत काढलं. लहानपणी त्यातला जादूगार गॅन्डाल्फ भारी वाटायचा, यावेळी चक्क राग आला. बिल्बो ५० वर्षांचा माणूस (बरं, हॉबिट, म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीच्या जमातीतला), बॅग एंड या आपल्या घरात सुखात, नाश्ता करून दारात पाइप ओढत बसलेला. हा म्हातारा येतो, साहसाला चला म्हणतो, बिल्बो सरळ सांगतो की साहसं नकोत, त्यांच्यापायी जेवायला उशीर होतो. विषय संपला ना? नाही! कटवायचं म्हणून बिल्बो त्याला उद्या चहाला या म्हणतो, तर हा जाताना दारावर खूण कोरून जातो की इथे एक चोर राहतो, त्याला काम पाहिजे. दुसऱ्या दिवशी १३ ड्वार्फ (दाढीवाले बुटके) येऊन कोठी रिकामी करतात. आणि ड्रॅगनने बळकावलेला त्यांचा खजिना परत मिळवायच्या मोहिमेचा करार काय तर नफा झाला तर चौदावा हिस्सा, मेलास तर अंत्यविधीचा खर्च आमच्याकडे. शेवट गोड झाला म्हणून सगळे टाळ्या वाजवतात, पण ही सरळ सरळ जबरदस्ती आहे.

मुंगूस_७८:
ताई, दुसरं प्रकरण परत वाचा. सकाळी उठतो तेव्हा ड्वार्फ निघून गेलेले असतात, कोणी त्याला बांधून नेलेलं नाही. त्याला हायसं वाटतं आणि त्याचवेळी थोडं वाईटही वाटतं, हे लेखकाने स्पष्ट लिहिलंय. हॉलमध्ये भिंतीवर नकाशा लावलेला आणि आपले फिरायचे रस्ते त्यावर लाल शाईने काढलेले. नकाशाचा एवढा नाद असलेला माणूस घरकोंबडा? आई साहसी टूक घराण्यातली, ते रक्त कुठे जाणार.

उंबरठ्यावरची:
मग काय झालं तेही सांगा की. तो निवांत दुसरा नाश्ता करत असतो, गॅन्डाल्फ परत उगवतो, घड्याळाखालची चिठ्ठी दाखवतो, अकराला ग्रीन ड्रॅगन नावाच्या खानावळीत पोचायचंय, हातात दहा मिनिटं. विचार करायला वेळच द्यायचा नाही, ही तर टाइमशेअर विकणाऱ्यांची ट्रिक आहे. टोपी नाही, काठी नाही, पैसे नाहीत, रुमालसुद्धा नाही. आपण बाहेर कसे पडलो हे त्याला जन्मभर आठवत नाही!! सिनेमात (२०१२ चा) तो आपणहून करार फडकावत उड्या मारत पळतो, पुस्तकात तसं नाहीये.

कडक_कॉफी:
त्याला घराबाहेर काढला तो ग्लोइन नावाच्या ड्वार्फने. बिल्बो घाबरून किंचाळतो तेव्हा ग्लोइन म्हणतो, हा चोर कसला, हा तर किराणा दुकानदार वाटतो. ते ऐकून गडी पेटतो आणि आत जाऊन हो म्हणून बसतो. आमच्या ऑफिसच्या ट्रेकला मी असाच गेलो होतो, एकाने 'तुला नाही जमणार' म्हटलं म्हणून, आणि अर्ध्या वाटेत बसकण मारली. गॅन्डाल्फने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं हे खरं, पण चढला तो स्वतःच.

मुंगूस_७८:
+१. आणि अगदी एकटा असताना तो काय करतो ते बघा. मिर्कवुडच्या जंगलात गॅन्डाल्फ नाही, ड्वार्फ जाळ्यात लटकलेले, अंधारात एकट्याने महाकाय कोळीकिडा मारतो आणि तलवारीला स्टिंग नाव देतो. पुढे स्मॉग या ड्रॅगनच्या बोगद्यात त्याचं घोरणं ऐकू येतं, पाय थबकतात, आणि तिथून पुढे टाकलेलं पाऊल हेच त्याचं सगळ्यात धाडसाचं काम असं लेखक म्हणतो. तेव्हा कोणी मागून ढकलत नव्हतं.

पेंगुळलेला_पाव्हणा:
दोघांचंही अर्धंच पटतंय. तुम्ही असं धरून चाललाय की घरकोंबडेपणा हा आजार आहे आणि बिल्बो त्यातून बरा झाला. अहो बराबिरा काही नाही झाला! सगळ्या प्रवासात त्याच्या डोक्यात एकच, शेकोटीपुढची खुर्ची आणि किटलीचा आवाज. आणि माझ्या मते तेच कामाला येतं. आर्कनस्टोन या हिऱ्याचा प्रसंग घ्या. ड्वार्फांचा म्होरक्या थोरिन सोन्यापायी वेडा झालाय, बाहेर माणसं आणि एल्फ वेढा घालून बसलेत, आणि ज्या हिऱ्यासाठी थोरिन जीव टाकतोय तो बिल्बोच्या खिशात. तो रात्री भिंतीवरून दोरीने उतरतो आणि भांडण मिटावं म्हणून त्या माणसांच्या पुढाऱ्याला, बार्डला, देऊन टाकतो. त्याच्यावरही त्या हिऱ्याची भुरळ पडलेली असते बरं का, तरी सुटतो. का? कारण सोन्याच्या ढिगावर राजा होऊन बसायचं त्याच्या स्वप्नातच नाही, त्याला घरी जायचंय. त्याहून भारी म्हणजे एल्फ राजा म्हणतो इथेच थांब, सेफ राहशील, तर हा म्हणतो नको, बॉम्बर या ड्वार्फला बारा वाजता उठवायचं कबूल केलंय. आणि परत जातो, थोरिन खवळणार हे माहीत असून! शूर योद्धा असा विचार करत नाही, पाहुण्यांना चहा वेळेवर देणारा माणूसच करतो.

कडक_कॉफी:
बॉम्बरचं विसरलोच होतो 😄 हे आवडलं.

उंबरठ्यावरची:
पाव्हण्यांचं पटलं, पण मग माझाच मुद्दा पक्का होतो ना? तो आधीच चांगला होता, सुधारायची गरज नव्हती. आणि गॅन्डाल्फला त्याच्या भल्याचं काय पडलेलं? नंतरच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात दिसतं की मुख्य खलनायक सॉरॉन त्या ड्रॅगनला हाताशी धरेल ही त्याची काळजी होती. म्हणजे मोठ्या राजकारणात एक प्यादं पाहिजे होतं. थोरिन, फिली, किली मेले, तसा हाही मेला असता.

मुंगूस_७८:
प्यादं म्हणा, पण घरी परतल्यावर त्याला विचारलं असतं तर तो परत गेला असता. कविता करतो, एल्फांकडे जातो, शेजारी वेडा म्हणतात तरी फिकीर नाही.

पेंगुळलेला_पाव्हणा:
परतल्यावरचं बोलताय तर लिलाव विसरू नका. २२ जूनला दारात पोचतो तर मेला समजून घरातल्या सामानाचा लिलाव मांडलेला, म्हणजे जिवंतपणीच तेरावं घातलं. स्वतःच्याच वस्तू पैसे मोजून परत घ्याव्या लागल्या. सॅकविल-बॅगिन्स या नातेवाइकांनी तर हा खरा बिल्बो आहे हे कधी मान्यच केलं नाही.

उंबरठ्यावरची:
बघा! आणि ड्रॅगनच्या तावडीतून पेला उचलून आणणाऱ्या माणसाला स्वतःचे चांदीचे चमचे काही परत मिळाले नाहीत. त्याचं बिल मी गॅन्डाल्फच्याच नावावर फाडणार.