मेलबर्नला तंबोरा न्यायचाय: लाकूड, घोडी आणि कागदपत्रं

गांधार_पुणे:
मिरजेत पुरुषांच्या पट्टीचा तंबोरा करायला टाकला आहे. दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) तुनाच्या लाकडाची, तारा ताणायच्या खुंट्या शिसवी. तो मेलबर्नला न्यायचा आहे. घरातला जुना तंबोराही सोबत न्यावा असा विचार आहे. त्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा) बहुधा सांबरशिंगाची आहे आणि कडेला पांढरी नक्षी आहे. परवाने कशाकशाचे लागतील? नव्या वाद्याचं लाकूड जंगल तोडून आलेलं नाही, हे कसं तपासायचं?

खर्ज_सा:
आधी जुन्याबद्दल, कारण खरी अडचण तिथेच आहे. सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार आणि निर्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली बंद आहे. आपोआप गळून पडलेलं शिंगही त्यात येतं. नक्षी जुनी असेल तर ती हस्तिदंताचीही असू शकते. तापवलेली सुई टोचून पाहू नका, डाग कायमचा राहतो. भिंगातून पाहा: हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषा दिसतात, हाडात काळसर ठिपके दिसतात, सेल्युलॉइड एकसारखं असतं. शंका राहिली तर वाद्य इथेच ठेवा. नक्षी स्वतः उपटून विकू किंवा टाकू नका; आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

नव्याचं सोपं आहे. तून साइटीसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत नाही. शिसवाचा जवळजवळ सगळा वंश (डालबर्जिया) २ जानेवारी २०१७ पासून त्याच्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवाना लागणाऱ्या यादीत आहे, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग त्या नियमातून वगळले आहेत. नेटवरचे बरेच सल्ले मधल्या तीन वर्षांतले आहेत, त्यांनी घाबरू नका. कारागिराकडून पावती मात्र घ्या, तीवर प्रत्येक भागाचं लाकूड आणि घोडीचं साहित्य लिहून घ्या.

मेलबर्नला उतरताना प्रवासी कार्डावर लाकूड आणि वनस्पतिजन्य वस्तू जाहीर कराव्याच लागतात. नेण्याआधी भोपळा हलवून पाहा, आत बी खुळखुळता कामा नये. टाचणीएवढी छिद्रं आणि खाली पीठ दिसलं तर आत जिवंत कीड आहे. असं वाद्य विमानतळावर अडकतं.

तबली_तून:
लाकडाबद्दल. वखारीची पावती आणि, लागू असेल तिथे, वनविभागाचा वाहतूक पास कारागिराकडे मागा. संकोच करू नका, गिऱ्हाइकं विचारू लागली तरच ही सवय रुजेल.

खुंट्यांसाठी काळ्या शिसवापेक्षा त्याचाच भाऊबंद शिसू बरा. काळा शिसव आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित गटात आहे. शिसू उत्तरेत कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला लावला जातो. खुंट्यांना लाकूड थोडंच लागतं, फर्निचरच्या तुकड्यांतूनही त्या निघतात.

वाळवण नीट झालंय का ते बघा. सावलीत, हवेशीर जागी, जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष असा ढोबळ हिशेब असतो. ओल राहिली की तबली घोडीखाली बसते, दांडी वाकते, आणि मेलबर्नच्या हिवाळ्यात हीटर लागला की सांधे उघडतात. खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. प्रवासात तारा तीन-चार स्वर उतरवा.

आणि लक्षात घ्या, तंबोऱ्याचा सर्वांत मोठा भाग वेलीवर येतो. भोपळ्यासाठी झाड पडत नाही, वेल दरवर्षी नवी लावता येते. या वाद्यात वाचवायचं आहे ते दांडीचं लाकूड: तीन-साडेतीन फूट सरळ, बिनगाठीचं. तडकलेला भोपळा बदलता येतो, तबलीही. चांगली दांडी मोडीत काढू नये.

गांधार_पुणे:
आभार. जुना इथेच ठेवतो. शिंगाऐवजी घोडी कशाची घ्यावी? आणि शेतात तून लावता येईल का?

खर्ज_सा:
आबनूस (काळं, कठीण लाकूड) घ्या. नाद गोड, पण तारेची खाच लवकर पडते, म्हणून जवारी (घोडीचा माथा घासून नाद जुळवणं) वारंवार काढावी लागते. उंटाचं हाड टिकतं आणि आवाज जास्त उजळ येतो, पण प्राणिजन्य म्हणून ते वेगळं जाहीर करावं लागेल. कृत्रिम घोडी सर्वांत टिकाऊ, जवारी नीट काढली तर रियाजाला पुरेशी.

तबली_तून:
लावा, पण एकट्या तुनाची रांग नको. उघड्यावर शेंडा पोखरणारी अळी (हिप्सिपायला) कोवळा शेंडा खाते, झाड फाटे फोडतं आणि दांडीला लागणारा सरळ बुंधा मिळतच नाही. इतर झाडांत मिसळून, सुरुवातीला थोड्या सावलीत वाढवा. कोडगूच्या (कूर्ग) कॉफीमळ्यांत तून मिश्र सावलीतच वाढतो. शेंडा खाल्लाच तर फाट्यांतला एकच जोमदार ठेवून बाकीचे लगेच छाटा, आणि बुंध्यावरच्या खालच्या फांद्या कोवळ्या असतानाच काढा, म्हणजे गाठी राहत नाहीत.