वाशिष्ठीकाठचे किल्ले: आईबाबांना घेऊन कुठे कुठे जाऊ?

कोथरूडकर: डिसेंबरात पुण्याहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतोय. सोबत आईबाबा, दोघांचे गुडघे कुरकुरतात. वाशिष्ठीच्या काठाने किल्ले आणि नदी नीट दिसेल अशा जागा बघायच्यात. रायगडासारखी चढाई नको. मुक्काम कुठे करू?

चिपळूणवाली: नदीबरोबर खाली खाली जा. चिपळूणला मुक्काम करून सकाळी गोवळकोट, म्हणजे गोविंदगड. करंजेश्वरीच्या देवळाकडून पायऱ्या आहेत, पण आईबाबांना वरच्या रेडजाई मंदिरापर्यंत गाडीनेच न्या. वरून वाशिष्ठीचं वळण काय दिसतं! ओहोटीची वेळ साधलीत तर काठच्या चिखलात मगरी ऊन खात पडलेल्या दिसतील. लांबूनच बघा, पाण्याजवळ जायची हौस नको.

कोथरूडकर: धन्यवाद ताई. पण डिसेंबरात नदीला पाणी असेल का?

चिपळूणवाली: भरपूर. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं. इतर नद्या आटतात तेव्हाही ही वाहती असते.

जांभ्याचा_चिरा: माझं मत विचाराल तर वेळ कमी असेल तर गोवळकोट थोडक्यात आटपा, पण गोपाळगड चुकवू नका. अंजनवेलला, नदी समुद्राला मिळते तिथे. जमिनीच्या बाजूला जांभ्यात खोदलेला खंदक आहे, कोरडा. त्याच्या काठाशी उभं राहून खाली बघा, कातळ तासून काढलाय. आत चक्क आंब्याची कलमं! १६६० मध्ये शिवरायांकडे, १६९९ मध्ये सिद्दीकडे, १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतला, गोपाळगड नाव त्यांचंच. दाभोळ बंदरात शिरणारं प्रत्येक गलबत या तटावरून दिसायचं, म्हणून एवढी मारामारी. तटावर चढायच्या पायऱ्या उंच आहेत, बाबांना खालीच बसवा.

कोथरूडकर: मग बाबा तिथे बसून काय करतील? 😄

जांभ्याचा_चिरा: त्यांना नंतर दीपगृहाकडे, टाळकेश्वराच्या देवळाशी न्या. गाडी जवळ जाते आणि समुद्र आयता समोर. सूर्यास्त तिथलाच. किल्ला त्याआधी, उन्हं कलल्यावर.

खाडीपलीकडचा: एवढ्यावर परत फिरू नका हो. गुहागरला राहा, दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढा. दहा-पंधरा मिनिटांत दाभोळ. बोटीतून दोन्ही काठ दिसतात, बसल्या जागी, गुडघ्यांना त्रास नाही. दाभोळात खाडीलगतची आदिलशाही मशीद बघा, तिचा घुमट आणि मिनार. चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळही आहे, पण आत अंधार आणि वाकून चालावं लागतं, तेव्हा आईंना आधीच सांगा. तिथून दापोलीमार्गे पुण्याला.

घाटमाथा: परशुराम घाटातला विसावा पॉइंट राहिला की! गाडीतून उतरलं की खाली वाशिष्ठीचं खोरं. पावसाळ्यात जास्त बहार, पण डिसेंबरातही थांबा. जाताना परशुरामाचं देऊळ होईलच.

कोथरूडकर: ठरलं, गुहागरला मुक्काम. बोटीचं तिकीट आधी काढावं लागतं का?

खाडीपलीकडचा: नाही, जेटीवरच काढा. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, सकाळी लवकर निघा.