सिलिकॉन गॅस्केट एकीकडे भुकटी आणि दुसरीकडे चिकट, असं कसं?

भट्टीवाला: वर्कशॉपात छोटा ओव्हन आहे, २८० अंशांपर्यंत चालवतो. दाराची लाल सिलिकॉन गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) काल काढली तर बाहेरची कड कडक, वाकवली की तुकडाच पडतो, हीटरजवळ तर पांढरी भुकटी. पण त्याच रोलमधला जो तुकडा दोन प्लेटांमध्ये घट्ट दाबला होता तो चघळलेल्या च्युइंगमसारखा झालाय. दुकानदार म्हणतो जास्त तापवलंत, मला वाटतं माल डुप्लिकेट आहे.

रबरमास्तर: डुप्लिकेट असेलही, पण चांगल्या मालाचंही हेच होतं. उघड्या बाजूला गरम हवेतला ऑक्सिजन रबराच्या रेणूंच्या लांब साखळीला लटकलेले मिथाइल (कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट) खातो, मग साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात म्हणून कडकपणा आणि शेवटी उरते ती सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, तीच तुमची भुकटी. आत हवा जात नाही, तिथं साखळ्या तुटून आखूड होतात, त्यात ओलावा अडकला असेल तर पाणीपण कापाकापी करतं, म्हणून चिकट.

भट्टीवाला: पण सिलिकॉन-ऑक्सिजन बंध लई मजबूत असतो ना?

रबरमास्तर: मजबूतच आहे हो, तोडायला साधारण ४५० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, कार्बन-कार्बनचा ३५० च्या आसपास. पण इथं सरळ तोडाफोडी होतच नाही, अदलाबदल होते. साखळीचं शेपूट मागं वळून स्वतःलाच चावतं, जुना बंध सुटता सुटता नवा जुळतो आणि तीन-चार कड्यांची छोटी रिंग वाफ होऊन निघून जाते. म्हणून तर शेपटाला मिथाइलचं टोपण लावलं की माल जास्त टिकतो, आणि बनवताना वापरलेला कॉस्टिक पोटॅश (तीव्र अल्कली) आत राहिला की लवकर वाट लागते.

लॅबमधला: एक्झॉस्ट चालू ठेवा बरं का, मिथाइल जळताना फॉर्मल्डिहाइडपण निघतो, डोळे चुरचुरतात. आणि लाल रंग नुसता शोभेचा नसतो, आयर्न ऑक्साइड असेल तर ते हवेतलं जळणं लांबवतं. तरी रोज २८० म्हणजे सिलिकॉनवर अन्यायच, काचेच्या धाग्याची दोरी लावा.

भट्टीवाला: च्यायला, म्हणजे दुकानदार बरोबर होता 😅 दोरी दाराला चालेल, पण प्लेटांच्या मध्ये काय घालू?

रबरमास्तर: ग्रॅफाइट शीट. बोल्ट मात्र एका दमात आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे.